बंदीच्या दोन महिन्यांत: एका तांडेलाचं अ‍ॅब्लेशन

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरच्या एका तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. मी फिजिशियन आहे, हृदयतज्ज्ञ नाही. हे प्रकरण माझ्याच एका रुग्णाचं आहे आणि त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे आबा म्हणू. अ‍ॅब्लेशन म्हणजे शिरेतून तार हृदयात नेऊन ठोका बिघडवणाऱ्या जागी व्रण करणं, आणि बंदी म्हणजे पावसाळ्यातली मासेमारीची बंदी.

आबा ५८ वर्षांचे. स्वतःचा ट्रॉलर आणि त्यावर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तेही तेच. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. रक्तदाब दहा वर्षांपासून, साखर चार वर्षांपासून, दोन्हींवर गोळ्या चालू. घोरणं असं की इंजिन बंद केलं तरी बोटीवर आवाज चालूच असतो, असं खलाशी सांगतात. तंबाखू सोडलेली. दारू एरवी बेताची, पण काजूच्या हंगामात, मार्च ते मे, हुर्राक रोजचा.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तक्रार अशी सांगितली: "डॉक्टरांनू, जाळ्यातलो बांगडो फडफडता तशी छाती फडफडता." एट्रियल फिब्रिलेशनचं (एएफ) याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचं सोडून मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले काहीच इशारे पोचतात, तेही कसेही. म्हणून नाडी लागते ती जलद आणि बेताल. हे सगळं मला पाठ होतं. तरीही बांगड्याचा अर्थ लागायला मला पावणेदोन वर्षं लागली.

अडचण

फडफड समुद्रात व्हायची. बोट धक्क्याला लागून आबा दवाखान्यात पोचेपर्यंत चार-सहा तास उलटलेले असायचे आणि तोवर छाती शांत झालेली असायची. ईसीजी काढला की सरळ, सुरेख, नियमित. असं तीन वेळा झालं. त्यातल्या दोन वेळा मी त्यांना पित्ताच्या गोळ्या देऊन परत पाठवलं. मधे एकदा ते दुसरीकडे दाखवून आले. तिथे "टेन्शन आहे" असं सांगून वर ॲस्पिरिन सुरू केलेलं. २४ तास ईसीजी नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं, तर नेमक्या त्या दिवशी वारा सुटला आणि बोट बाहेर पडलीच नाही. होल्टरवर काही नाही.

कोंडी फोडली ती मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने. दोन बोटं टेकवली की फोनवर ईसीजीची पट्टी उमटते, असं काडेपेटीएवढं यंत्र त्याने गणपतीला येताना आणलं. आबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये ठेवलं. ऑक्टोबरमधल्या एका पहाटे बोट रेंजमध्ये आली आणि माझ्या व्हॉट्सॲपवर पट्टी आली: ठोके १४८, दोन ठोक्यांमधलं अंतर दरवेळी वेगळं, वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाची खूण असलेल्या पी लहरीचा पत्ता नाही. निदानाला अशी ३० सेकंदांची पट्टी पुरते. आठवड्याभराने आणखी एक आली, ती मात्र वेगळी दिसली: ठोके नियमित, १५०, आणि तळाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी. तो एट्रियल फ्लटर, फिब्रिलेशनचा चुलतभाऊ. पट्टी जपून ठेवली, पण त्या वेळी मी तिला फारसं महत्त्व दिलं नाही. पुढे सगळ्यात उपयोगी पडली ती हीच.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. झडपा चांगल्या, डावा वरचा कप्पा किंचित मोठा, पंपिंग ६० टक्के. झडपा पाहणं आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. वातज्वरामुळे मायट्रल झडप अरुंद झालेल्या बाया आमच्या भागात अजूनही तिशी-चाळिशीत एएफ घेऊन येतात आणि त्यांचा रस्ता वेगळा असतो. २०२२ मध्ये आलेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांत नव्या रक्त-पातळ गोळीपेक्षा जुनं वॉरफरीनच सरस ठरलं. आबांचं तसं नव्हतं. थायरॉइड ठीक, किडनीचं क्रिएटिनिन ठीक, ट्रेडमिल टेस्टमध्ये काही नाही.

पहिला निर्णय: गुठळी आधी, ठोका नंतर

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. आमच्याकडे म्हणतात 'वारं गेलं'. हा धोका मोजायला गुण देण्याची पद्धत आहे. आबांना रक्तदाबाचा एक आणि साखरेचा एक, असे दोन गुण. पुरुषाला दोन गुण म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी द्यावी, याबद्दल फारसा वाद नाही.

वाद घरात झाला. आबांच्या पत्नीचा, वहिनींचा, प्रश्न अगदी रास्त होता: बोटीवर रोज हाताला काहीतरी लागतं, गळ रुततो, शिंगाळ्याचा काटा घुसतो, दोरखंडाने हात सोलपटतो. रक्त थांबलं नाही तर? आणि ॲस्पिरिन चालू आहेच की!

ॲस्पिरिनवर बोलणं सोपं होतं. एएफमधल्या गुठळीवर ॲस्पिरिन तोकडं पडतं. २०११ च्या ॲव्हेरॉज चाचणीत वॉरफरीन न चालणाऱ्या ५,५९९ रुग्णांना ॲपिक्साबॅन किंवा ॲस्पिरिन दिलं होतं. ॲपिक्साबॅनच्या गटात अर्धांगवायू निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव साधारण तेवढाच राहिला. म्हणजे ॲस्पिरिनमध्ये रक्तस्रावाचा धोका तर आहे, पण राखण नाही. वॉरफरीन मी सुचवलंच नाही. त्यात रक्त किती पातळ झालं हे सांगणारा आयएनआर तपासत राहावा लागतो. आठ-आठ दिवस समुद्रावर असणारा माणूस तो कधी तपासणार? ॲपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, असं ठरलं. बोटीवरच्या पेटीत जाड गॉज आणि दाबपट्टी, आणि डोक्याला मार लागला तर बोट थेट बंदराकडे, ही अट वहिनींनी घातली आणि खलाशांना ऐकवलीही.

दुसरा निर्णय: गोळ्या की तार

'तार' हा आबांचा शब्द. कॅथेटरला ते शेवटपर्यंत तारच म्हणत राहिले, मीही मग तेच म्हणू लागलो.

आधी मेटोप्रोलॉल दिलं. झटक्यातला वेग कमी झाला, पण हातपाय गळाल्यासारखे वाटायचे. जाळं ओढणाऱ्या माणसाला हे चालण्यासारखं नाही. ठोका ताळ्यावर ठेवणाऱ्या औषधांत फ्लेकेनाइडचा विचार केला. साखरेच्या रुग्णात हृदयाच्या रक्तवाहिन्या चांगल्या आहेत याची पुरती खात्री हवी, आणि आमच्या तालुक्यात ते औषध दर महिन्याला मिळेल याचीही खात्री नव्हती. उरलं अमायोडॅरोन. ते सगळीकडे मिळतं, स्वस्त आहे, परिणामही करतं, आणि म्हणूनच आम्ही लोक ते जरा लवकर लिहून मोकळे होतो. पाच महिने दिलं. झटके महिन्याला पाच-सहावरून दोनवर आले. पण दिवसभर डेकवर उन्हात उभं राहणाऱ्या माणसाची कातडी या औषधाने उन्हाला हळवी होते. आबांचा चेहरा आणि मानेची मागची बाजू भाजल्यासारखी काळवंडली. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच वर जायला लागलं.

मग एप्रिलमध्ये किनाऱ्यापासून बऱ्याच आत असताना सुकाणूवर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एका खलाशाने धावत येऊन सुकाणू धरलं. बोटीवर सहा माणसं होती. आबांनी नंतर मला सांगितलं, छातीची भीती नाही वाटली, त्या पोरांच्या आयांना काय सांगणार याची वाटली.

अ‍ॅब्लेशनचा विषय त्या आधी दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा मीच तो पुढे ढकलला होता. "आधी औषधं वापरून बघू" ही जुनी रीत. खरं तर २०२१ पर्यंत अशा चाचण्या आल्या होत्या, की अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये औषधांच्या आधीच बलूनने गोठवण्याचं अ‍ॅब्लेशन केलं तर झटके परत येण्याचं प्रमाण औषधांपेक्षा कमी राहतं. पण दुसरी बाजूही आबांपुढे ठेवणं भाग होतं. २,२०४ रुग्णांच्या कबाना चाचणीत, २०१९ मध्ये, अ‍ॅब्लेशनमुळे मृत्यू, अर्धांगवायू वगैरे एकत्रित मोजले तर ठाम फरक दिसला नाही. झटके कमी झाले आणि रोजचं जगणं सुधारलं. पंपिंग कमजोर असलेल्यांची गोष्ट वेगळी, पण आबांचं पंपिंग उत्तम होतं. म्हणजे आपण आयुष्य वाढवायला जात नाही आहोत, सुकाणूवर अंधारी येऊ नये म्हणून जातो आहोत. असं मांडल्यावर आबांनी एका मिनिटात होकार दिला.

तिसरा निर्णय: कुठे, कधी, कोणत्या पद्धतीने

कधी, हे सर्वांत आधी ठरलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोट किनाऱ्यावर शाकारलेली, तांडेल घरी. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात करायचं आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बरं व्हायचं.

कुठे, यावर गोवा, कोल्हापूर आणि मुंबई असे तीन पर्याय होते. गोवा तीन तासांवर, कोल्हापूर घाट चढून. मुंबई सर्वांत लांब, पण मुलगा तिथे, आणि ज्या डॉक्टरांकडे पाठवायचं होतं ते आठवड्याला चार-पाच एएफ करणारे. इथे मी आबांना एकच प्रश्न विचारायला शिकवलं: "तुम्ही स्वतः वर्षाला किती करता?" हा प्रश्न विचारायला आपले लोक संकोचतात. चार गावं पुढच्या ओळखीच्या इंजिन मेस्त्रीला मात्र तो सहज विचारतात.

पद्धतीचा प्रश्न समजावताना मी कागदावर डावा वरचा कप्पा आणि त्याला मागून येऊन मिळणाऱ्या फुफ्फुसांच्या चार नीला काढल्या. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे आइसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की एएफची ठिणगी बहुतेक वेळा या नीलांच्या तोंडाशी पडते. त्यांच्या ४५ रुग्णांत अशा ठिणग्यांपैकी ९४ टक्के नीलांमध्येच सापडल्या. तेव्हापासून अ‍ॅब्लेशनचा गाभा हाच: नीलांच्या तोंडाभोवती असा व्रण करायचा, की आतली ठिणगी आतच राहावी. आबा म्हणाले, "म्हणजे खाडीच्या तोंडाक बांध." अगदी तेच. बांधाला एक भोक राहिलं तरी पाणी शिरतं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

बांध घालायच्या तीन रीती. रेडिओफ्रिक्वेन्सीमध्ये तारेचं टोक ऊतीला टेकवून उष्णतेने ठिपक्याशेजारी ठिपका डागत जायचं. संगणकावर कप्प्याचा त्रिमितीय नकाशा असतो आणि तार किती जोराने टेकली आहे हेही दिसतं. क्रायोबलूनमध्ये २८ मिलिमीटरचा फुगा नीलेच्या तोंडात बसवून एका दमात गोलाकार गोठवायचं, दर नीलेला साधारण तीन ते चार मिनिटं. काम आटोपशीर होतं. पण उजव्या बाजूला श्वासपटलाची नस जवळून जाते, तिला इजा होऊ शकते. ७६२ रुग्णांच्या 'फायर अँड आइस' चाचणीत, २०१६ मध्ये, दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. तिसरी नवी, पल्स्ड फील्ड: विजेच्या अतिशय अल्पकाळाच्या, तीव्र झटक्यांनी हृदयपेशींच्या आवरणाला छिद्रं पाडायची. उष्णता नाही की थंडी नाही, त्यामुळे मागची अन्ननलिका बऱ्यापैकी वाचते. २०२३ च्या ॲडव्हेंट चाचणीत ती उष्णता-थंडीच्या पद्धतींच्या तोडीस तोड निघाली. ही गोष्ट २०२४ च्या जूनची. त्या केंद्रात तेव्हा पल्स्ड फील्ड उपलब्ध नव्हतं. थांबलो तर पुढच्या वर्षीची बंदी गाठावी लागली असती.

उरले बलून आणि रेडिओफ्रिक्वेन्सी. माझा कल बलूनकडे होता. इथे करवतीच्या दात्यांची ती पट्टी कामी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी ती फोनवर मोठी करून पाहिली आणि म्हणाले, "हा फ्लटर उजव्या कप्प्यातला दिसतो. नीलांना बांध घालून तो थांबणार नाही. त्याला उजवीकडे वेगळी एक रेघ मारावी लागेल, आणि ती रेडिओफ्रिक्वेन्सीच्या तारेनेच मारतात. मग दोन वेगवेगळी सामग्री कशाला उघडायची?" वेळही वाचला, पैसेही. रेडिओफ्रिक्वेन्सी ठरली. या निवडीची किंमत कुठे मोजावी लागू शकते, हे तेव्हा माझ्या डोक्यात पुरेसं स्पष्ट नव्हतं.

मधल्या सहा आठवड्यांत वजन ८६ वरून ८१ वर आलं, हुर्राक बंद. दारूबद्दल मी त्यांना ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचं सांगितलं होतं. १४० पिणाऱ्यांपैकी ज्यांना सोडायला सांगितलं त्यांच्यात सहा महिन्यांत ५३ टक्क्यांना एएफ परत आला, बाकीच्यांत ७३ टक्क्यांना. आबांनी हिशेब केला, "म्हणजे शंभरात वीस वाचले." सोडली. झोपेची तपासणी करून मास्कचं यंत्रही लिहून दिलं गेलं. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

प्रत्यक्ष प्रक्रिया

कोकणकन्येने रात्री निघून सकाळी मुंबई. ॲपिक्साबॅन थांबवलं नाही. कप्प्यात गुठळी नाही हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोने पाहिलं. पूर्ण भूल दिली. जांघेतल्या शिरेतून तारा वर, मग दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडून डावीकडे. हेपॅरिन देऊन रक्त गोठण्याचा काळ, एसीटी, ३०० सेकंदांच्या वर ठेवला. चारही नीला बंद झाल्याची खात्री केली, उजवीकडची रेघ मारली. मागच्या भिंतीवर, जिथे अन्ननलिका चिकटून असते, तिथे ताकद कमी ठेवली आणि अन्ननलिकेत तापमापक होता. एका जागी तापमान चढलं म्हणून डागणं मधेच थांबवल्याची नोंद रिपोर्टात आहे. पावणेतीन तास. दुसऱ्या दिवशी सुट्टी. जांघेत थोडं काळंनिळं, बाकी ठणठणीत.

आठव्या दिवशी फडफड परत आली. आबांचा आवाज पडला होता: "पैसे गेले पाण्यात." पहिले दोन-तीन महिने डागलेल्या जागी सूज असते, तेवढ्यात आलेले झटके अपयश म्हणून मोजत नाहीत. हे मी आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि रात्री दोन वाजता आठवणारं यात फरक असतो. दोन तासांत ठोका आपोआप जागेवर आला.

तेविसावा दिवस

या प्रकरणात मी सर्वांत जास्त शिकलो ते इथे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जुलैचा पहिला आठवडा. लावणी चालू. सासुरवाडीला माणसं कमी पडत होती म्हणून आबा चार दिवस चिखलात उतरले होते, अनवाणी, टाचांना भेगा. अ‍ॅब्लेशननंतरच्या तेविसाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी या दिवसांत कुणीही करेल तेच केलं: लेप्टो समजून डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. त्यात काही चूक नव्हती. चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आमच्या जिल्ह्याला नवा नाही, आणि उशीर केला तर तो किडनीवर जातो.

सव्विसाव्या दिवशी माझ्याकडे आले. ताप १०२, पोटऱ्या दाबल्या की कळ, डोळे लाल. प्लेटलेट ८४ हजार, क्रिएटिनिन १.६, बिलिरुबिन थोडं वर. लेप्टोची कार्ड-चाचणी निगेटिव्ह, पण चौथ्या दिवशी ती निगेटिव्ह असू शकते. निघता निघता वहिनी म्हणाल्या, "आणि कालपासून घास उतरताना छातीत दुखतं म्हणतात."

मी खुर्चीत परत बसलो. डाव्या कप्प्याची मागची भिंत आणि अन्ननलिका यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरचं अंतर असतं. डागताना अन्ननलिकेला इजा झाली तर दोन-चार आठवड्यांनी तिथे भोक पडून थेट हृदयाशी जोड तयार होऊ शकते. फार दुर्मिळ. २०२३ च्या एका जागतिक नोंदणीत साडेपाच लाखांवर अ‍ॅब्लेशनमध्ये अशी १३८ प्रकरणं सापडली, म्हणजे चार हजारांत एक. पण त्या १३८ पैकी जवळपास दोन-तृतीयांश दगावले. लक्षणं कोणती? ताप, छातीत दुखणं, गिळताना दुखणं. केव्हा? साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास.

आता एकाच माणसात दोन आजार सारखेच दिसत होते. एक गावात रोज दिसणारा आणि दुसरा मी कधीच न पाहिलेला. माझ्या सहकाऱ्याने सुचवलं, गिळताना दुखतं तर उद्या दुर्बीण टाकून बघू. सहज सुचणारी गोष्ट, आणि नेमकी तीच करायची नसते. एंडोस्कोपीत अन्ननलिका हवेने फुगवतात. जोड असेल तर ती हवा हृदयात आणि तिथून मेंदूत जाते. दुर्बीण नाही, तोंडाने काही नाही, आधी छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी. क्रिएटिनिन १.६ असताना कॉन्ट्रास्ट द्यायचा का, यावर दहा मिनिटं गेली. मेटफॉर्मिन थांबवलं, सलाइन लावलं आणि दिला. किडनी सावरू शकते.

सीटीत हवा नाही, गळती नाही. मुंबईच्या डॉक्टरांना फिल्म पाठवल्या. ते म्हणाले, एका सीटीवर निश्चिंत होऊ नका, ताप राहिला तर चार दिवसांनी पुन्हा करा. रक्ताचं कल्चर पाठवलं.

मग गिळताना का दुखत होतं? वहिनींना विचारलं, गोळी कशी घेतात? रात्री, पडल्या पडल्या, घोटभर पाण्याबरोबर. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे चट्टा उठवते. आणि ही अन्ननलिका आधीच भाजून हळवी झालेली असण्याची शक्यता होती. डॉक्सी बंद करून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन सुरू केलं, लेप्टोला ते चालतं. दोन दिवसांत गिळणं सुधारलं, चौथ्या दिवशी ताप उतरला. दुसरा सीटीही स्वच्छ. आठव्या दिवशी पुन्हा केलेली लेप्टोची तपासणी पॉझिटिव्ह आली, कल्चर निगेटिव्ह.

या गडबडीत आणखी एक निर्णय दडला होता. प्लेटलेट घसरत असताना रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची का? नर्सिंग स्टाफने ती स्वतःहून रोखून धरली होती. पण अ‍ॅब्लेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने हृदयाचं आतलं अस्तर कच्चं असतं, गुठळीला तो सर्वांत सोयीचा काळ. पन्नास हजारांच्या खाली गेल्या तर थांबवायची, तोवर नाही, असं ठरवून रोज सकाळी मोजत राहिलो. सर्वांत खाली ६१ हजार आल्या. गोळी चालूच राहिली. त्या चार रात्री मला नीट झोप लागली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

ऑक्टोबर: गोळी बंद

नारळी पौर्णिमेला आबा बोटीवर गेले. ऑगस्ट, सप्टेंबर, एकही झटका नाही. अमायोडॅरोन नसल्याने टीएसएच सावकाश खाली आलं. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आले तेव्हा सहज विचारलं, गोळ्या आहेत ना? "ठोको आता बरो चलता, मगे गोळी कित्याक व्हयी?" सहा आठवड्यांपासून ॲपिक्साबॅन बंद होतं. शिंगाळ्याचा काटा लागून हात बराच वेळ वाहिला होता, खलाशांनी चेष्टा केली होती, आणि महिन्याच्या गोळ्यांचा खर्चही होताच. काही झालं नाही, ते नशीब.

दोष त्यांचा नाही. तारेने ठोका दुरुस्त झाला म्हणजे आजार गेला, असं आम्हीच त्यांना वाटू दिलं. गोळी रक्तदाब आणि साखरेच्या त्या दोन गुणांसाठी होती. ते गुण कॅथलॅबमध्ये पुसले गेले नव्हते. गोळी परत सुरू केली.

काय वेगळं करता आलं असतं

पावणेदोन वर्षं वाया गेली ती माझी. नाडी बेताल लागल्याचं खलाशांनी सांगितलं असतं, मी त्यांना कधी विचारलंच नाही. आता फडफडीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक खलाशाच्या घरच्यांना मी मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर मोजायला शिकवतो. खिशातलं यंत्रही मुलाआधी मला सुचायला हवं होतं.

एप्रिलची अंधारी येईपर्यंत थांबायला नको होतं. आदल्या वर्षीच्या बंदीतच हे करता आलं असतं, तर अमायोडॅरोनचे पाच महिने वाचले असते.

पद्धत बदलली असती का? फ्लटर असताना रेडिओफ्रिक्वेन्सी निवडणं मला आजही बरोबर वाटतं. चुकलं ते डिस्चार्ज कार्डाचं. दोन पानं इंग्रजी, त्यात अन्ननलिकेबद्दल एक ओळ, आणि ती वाचणारा माणूस गावात कुणी नाही. तेविसाव्या दिवशी ताप आल्यावर गावातल्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवलंच गेलं नाही. आता मी माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाच्या फायलीला मराठीतला एक लाल कागद जोडतो: 'हृदयाचं अ‍ॅब्लेशन झालं आहे. दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, बोलण्यात किंवा हातापायात फरक पडल्यास दुर्बीण टाकू नये, आधी छातीचा सीटी, आणि या नंबरवर फोन.' शिवाय पावसाळ्यात अ‍ॅब्लेशन झालेल्याने चिखलात उतरायचं नाही. जांघेची जखम भरली म्हणून मी आबांना 'कामं करा' म्हणालो होतो. कोकणात जुलैमध्ये काम म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं.

सध्या

२०२५ च्या मे महिन्यात एक झटका आला, तीन तासांचा, पुतण्याच्या लग्नानंतरच्या रात्री. का, ते आबांनी न विचारताच सांगितलं. त्यानंतर आजवर नाही. आठवड्याला एक पट्टी येते, नियमित, ६५ ते ७०.

गोळीचा प्रश्न मात्र पुन्हा उभा आहे. २०२५ मध्ये कोरियातून एक चाचणी आली. अ‍ॅब्लेशननंतर वर्षभर झटका न आलेल्या ८४० जणांत काहींची गोळी थांबवली, तर त्यांचं नुकसान झालं नाही, उलट रक्तस्राव टळले. मुलाने ती बातमी मला पाठवली. मी त्याला सांगितलं, आबांना अजून झटकामुक्त वर्ष पूर्ण झालेलं नाही, मेचा झटका मोजावा लागेल. वर्ष पुरं झालं की होल्टर लावू आणि तिघे बसून ठरवू. तोवर सकाळ-संध्याकाळ गोळी.

वजन पुन्हा ८४. झोपेचा मास्क बोटीच्या केबिनमध्ये खुंटीला टांगलेला आहे. लावला की खलाशी हसतात म्हणे.